शेपूट

प्रज्योतचा अल्बम आला, रात्री बाराला.
अकरा गाणी, छत्तीस मिनिटं, नाव एकच.
मी तेव्हा मानेवाडा रिंगरोडवर
एका डॉक्टरच्या जिन्याखाली
इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरून राह्यलो होतो.
मोहल्ल्याची लाइट गेलेली. एक कान मोकळा ठेवला,
दुसऱ्यात त्याले घातलं.

अल्बमचं नाव ‘कूलर बंद’.
बाकीच्यांले कोडं, मले नाही.
रामेश्वरीतली ती खोली. भिंतीले अंड्यांचे ट्रे,
दाराले त्याच्या आईची गादी उभी,
बाहेर मे महिना, पारा पंचेचाळीस.
कूलर चालू ठेवला की माइकमध्ये घरघर,
बंद केला की माणूस शिजते.
मग अंकुश ओरडे, ‘कूलर बंद!’
अन् तीन मिनिटं चौघंही पुतळे.
घाम नाकावरून वहीवर पडे,
‘भूक’ लिहिलेलं असे, ‘भू’ उरे.

ग्रुपचं नाव ‘अजनी यार्ड’. मले पोट्टे शेपूट म्हणत.
काम सोपं होतं :
प्रज्योत ओळ टाके, तिचा शेवटचा शब्द
मी उचलून परत फेकू.
‘दक्षिणेले नळ येते एका दिवसाआड’
आड!
‘तुमच्या लॉनले फवारा, आमच्या टाकीले भगदाड’
भगदाड!
नुसतं ‘आड’ म्हटलं की विहीर होते,
हे तेव्हा ध्यानात नाही आलं.
चार वर्षं मी विहिरी खोदत होतो, कोरड्या,
अन् लोक टाळ्या वाजवत होते.

भांडण झालं नाही. लोकांले भांडण पाहिजे असते.
अंकुश पुण्याले गेला. तौसीफचं लग्न झालं, कामठीत सासऱ्याचं दुकान.
मले बाबाची बॅटरी.
प्रज्योत पार्किंगमध्ये पावत्या फाडत राह्यला.
पावतीच्या मागं बारा ओळी मावतात,
म्हणून या अल्बमात त्याचं प्रत्येक कडवं बाराचं.
पेपरात कोणी लिहीन, शिस्त.
शिस्त कायची, कागद संपे.

चौथ्या गाण्यात मेडिकलची रात्रपाळी आहे,
त्याची आई वार्ड पुसते
अन् शुद्धीवर आलेला पेशंट तिले ‘सिस्टर’ म्हणते.
ती सांगत नाही त्याले, की मी सिस्टर नाही.
एवढंच गाणं आहे.
मी बॅटरीचं झाकण हातात घेऊन
तसाच बसून राह्यलो.

सातव्यापर्यंत मले काहीतरी टोचून राह्यलं होतं.
ओळ संपते, अन् पुढची लगेच येत नाही.
अर्धी मात्रा रिकामी.
दर ओळीमागं. मोजून. माझ्या मापाची.
जिन्याखाली बसून मी त्यात एक शब्द टाकून पाह्यला.
बसला.
दुसरा टाकला. तोही.

अकरावं गाणं संपते, अन् त्याची आई विचारते,
‘झालं का रे? लावू का आता?’
बटनाचा खटका. मग चाळीस सेकंद
नुसता कूलर,
ओल्या वाळ्यासकट, वाटलं तर वाससुद्धा येते.

फोन लावला. अर्ध्या रिंगमध्ये उचलला त्यानं.
म्हटलं, ‘प्रत्येक ओळीमागं जागा कोणाची सोडली बे?’
‘कोणाची? श्वास घेतो मी तिथं,’ म्हणे.
‘एकट्यानं दम लागते ना.’
‘हं.’
‘काऊन, लंबी झाली का?’
‘नाही,’ म्हटलं. ‘बरोबर आहे.’
मग दोघंही चुपचाप, त्याच्याकडं कुत्रे भुंकत होते.

वायर कसली. बटन दाबलं.
वरच्या मजल्यावर पंखा फिरायले लागला,
डॉक्टर खिडकीतून वाकले,
‘चालू झालं का?’
‘झालं,’ म्हटलं.
खिडकी लागली.
मी पाना पिशवीत टाकला, गाडीले किक मारायच्या आधी
इकडं तिकडं पाह्यलं,
अन् जोरात :
झालं!